दोन चाकांचा संसार

संसाराच्या रथाला दोन चाकं असतात, असं लग्नात भटजींपासून फोटोग्राफरपर्यंत सगळ्यांनी आपल्याला ऐकवलेलं असतं. मी लिहिणार आहे ती दोन चाकं मात्र खरीखुरी, रबराची, हवा भरावी लागणारी. म्हणजे सायकलची! दागिने किती केले नि किती मोडले हे आपल्याला तोंडपाठ असतं. साड्यांचं तर विचारूच नका. पण आजवर आपल्याकडे सायकली किती झाल्या, हे कुणी मोजत नाही. मैत्रिणींनो, एकदा मोजून बघा. कुठली सायकल कुणी निवडली, तिच्यावर हक्क कुणाचा होता आणि ती आपल्या हातून कधी नि का गेली, एवढं आठवलं तरी पुष्कळ काही बाहेर येतं. माझ्या झाल्या पाच.

पहिली माझी नव्हतीच, भाड्याची होती. सांगलीत गावभागात आमच्या बोळाच्या तोंडाशी एक सायकलवाले होते. त्यांच्याकडे लहान मुलांच्या चार सायकली होत्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेल्या. १९९६-९७ सालची गोष्ट. तासाला दोन रुपये. आम्ही तिघी मिळून एक तास घ्यायचो, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला वीस मिनिटं. ब्रेक नावापुरते, थांबायचं ते चप्पल रस्त्याला घासून. त्यामुळे भाड्यापेक्षा चपलांचा खर्च जास्त, असं आईचं म्हणणं.

दुसरी आण्णांची. काळी, बावीस इंची अ‍ॅटलास. हे बावीस-चोवीस म्हणजे चाकाचं माप, असं पुष्कळांना वाटतं. जुन्या काळ्या सायकलीत ते सांगाड्याचं माप असे, चाक दोन्हींचं अठ्ठावीस इंचीच. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला ती सायकल म्हणजे हत्ती! सीटवर बसायचा प्रश्नच नव्हता. मधल्या नळीखालून पाय पलीकडे घालायचा, कमरेत वाकडं व्हायचं आणि पायडल अर्धंच खाली-वर करत जायचं. याला आम्ही हाफ पायडल म्हणायचो. आण्णांच्या सायकलला डायनॅमो होता आणि हँडलच्या दांड्याला नगरपालिकेचा जुना पितळी बिल्ला अजून लटकत होता. पूर्वी सायकलवर कर असे, तो भरल्याची ती खूण. दिवा नसला की पोलीस कसे धरायचे आणि मग हवा सोडून दिल्यावर घरापर्यंत कसं ढकलत यावं लागायचं, हे आण्णा रंगवून सांगत.

अ‍ॅटलासचा कारखाना १९५१ साली सोनीपतला निघाला. त्यांचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. संयुक्त राष्ट्रसंघानं २०१८ पासून ३ जून हाच जागतिक सायकल दिन ठरवलेला आहे, म्हणजे दिवस काय साधला बघा! आण्णांनी ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली, आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

मी हाफ पायडल मारत असताना मागचं कॅरियर धरून पळायची ती आई. आण्णा नोकरीवर असायचे. साडीचा पदर खोचून, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आई पळायची. पण ती स्वतः त्या सायकलवर कधी बसली नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "मला कोण धरणार गं?" मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

तिसरी सायकल आठवीत मिळाली. लेडीबर्ड, जांभळी, पुढे जाळीची बास्केट. मधली नळी खाली वाकवलेली, म्हणजे पाय उचलून टाकायला नको. अशी लेडीज सायकल ही काही माझ्या पिढीची मिजास नव्हे. मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी बांधून, साडी सांभाळत शाळेत शिकवायला किंवा दवाखान्यात ड्यूटीला जाणाऱ्या बायका आपल्या आजीच्या वेळीही होत्या. आणि जाता जाता सांगते, १९३० साली ज्या किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं, त्या घराण्याच्या कारखानदारीचं मूळ म्हणजे १८८८ साली बेळगावात काढलेलं सायकलचं दुकान! बायकांची मासिकं आणि सायकल यांचं नातं असं जुनं आहे.

लेडीबर्डनं मला काय दिलं? सांगली सपाट. गणपती मंदिरापासून विश्रामबागपर्यंत एक धड चढ नाही. शाळा झाली, मग विलिंग्डन कॉलेज. बस चुकली म्हणून रडायचं नाही, कुणाच्या गाडीमागे बसायचं नाही, 'घरी कोण सोडणार' हा प्रश्न नाही. २००५ च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा आम्ही वर गच्चीवर, आणि सायकल खाली जिन्याच्या कठड्याला साखळीनं बांधलेली. पाणी उतरल्यावर ती निघाली चिखलाच्या मूर्तीसारखी. सायकलवाल्यांनी सगळी उलगडून ओव्हरऑइल केली. हबचे छर्रे काढून रॉकेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं, दोन्ही चाकांचा आऊट काढला. पुढे बी.ए. होईपर्यंत ती तशीच चालली. तिची घंटी मात्र पुरानंतर वाजली नाही.

२०१२ मध्ये लग्न ठरलं, इचलकरंजीला. सामानाची यादी चालली होती. मी म्हटलं, सायकल नेते. सगळे गप्प. मग आई हळूच म्हणाली, "अगं, लोक म्हणतील स्कूटर देता आली नाही म्हणून सायकल पाठवली." झालं! सायकल राहिली. मी सासरी आले आणि लेडीबर्ड आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला दिली. ती हरिपूरहून चालत कॉलेजला यायची आणि अकरावीत सोडायच्या बेतात होती. सोडलं नाही. बारावी झाली, पुढे नर्सिंगला गेली.

एका सायकलनं एवढं होतं का, असं वाटेल. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तर हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण तीस टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं. आणि ते वाढलं मुख्यतः शाळा तीन किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या गावांत. तीन किलोमीटर! आपण रिक्षाला हात करतो तेवढं अंतर. तेवढ्यासाठी मुलींची शाळा सुटत होती.

आता सासरची गोष्ट. इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव. पाळी सुटायच्या वेळी रस्त्यावर बघावं, डबा लावलेल्या सायकलींची रीघ. लग्नानंतर वर्षभरात मी सायकलचा विषय काढला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सायकलवर मागवाले जातात. आपल्या घरातली सून नको." मला राग आला. सासूबाई बाईमाणसानं गाडी चालवण्याच्या विरुद्ध मुळीच नव्हत्या. पुढच्याच दिवाळीत स्कूटी घ्यायला त्यांनीच ह्यांना सांगितलं. मग सायकलचंच वावडं का?

ते कळायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या आईच्या लहानपणी सायकल मिळायची नाही, कारण ती मुलगी. मला मिळेना, कारण ती गरिबाची गाडी. सासरे उमेदीच्या काळात एका काळ्या सायकलवर सुताची बाचकी लादून गावभर फिरत. ऊन नाही, पाऊस नाही. सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्या सायकलवरून उतरायला आम्हांला वीस वर्षं लागली. आणि तू परत चढायचं म्हणतेस?" यावर काय बोलणार? हट्टाला उत्तर देता येतं, पण हा हट्ट नव्हता.

मध्ये एक चौथी सायकल येऊन गेली, तिची गंमत सांगते. बाळंतपणानंतर माझं वजन वाढलं, म्हणून ह्यांनी घरात व्यायामाची सायकल आणली, आठ हजारांची. तिला चाकं दोन नाहीत, ती जागची हलत नाही, आणि तिच्यावर बसून कुठेही जाता येत नाही. पण घरात तिचा मान केवढा! आल्या-गेल्याला दाखवायची. पहिले दीड महिने मी इमानानं चालवली. पुढे तिच्या हँडलवर पंचे वाळू लागले आणि कॅरियर नसतानाही ती पुष्कळ ओझं वाहू लागली. शेवटी भंगारवाल्यानं नेली.

पाचवी सायकल २०२१ ची. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास, तितके पैसे, आणि तेही मिळतील तेव्हा! स्कूटी एव्हाना घराची झाली होती. ह्यांची मोटारसायकल दुरुस्तीला गेली की स्कूटी त्यांच्याकडे, दिरांना बँकेत जायचं की त्यांच्याकडे. त्यात त्या वर्षी पेट्रोल शंभरीपार गेलं. दर आठवड्याला पेट्रोलला पैसे मागायचे आणि 'परवाच तर दिले' हे ऐकायचं, त्याचा मला कंटाळा आला. रिक्षा करावी तर दोन तासिकांच्या मानधनातला मोठा वाटा तिलाच. तेव्हा शाळा पुन्हा सुरळीत झाल्यावर पहिलं मानधन हातात आलं, त्यातून मी साडेतीन हजारांची सेकंडहँड लेडीज सायकल घेतली. कुणाला विचारलं नाही, घरी आणून उभी केली. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि आत गेल्या. आठ दिवस त्या विषयावर अवाक्षर नाही. नवव्या दिवशी म्हणाल्या, "येताना त्या बोळातल्या वाण्याकडून पोहे आण. तिथं तुझी ती जाते."

साडीवर सायकल जमते का, असं शाळेतल्या पुष्कळजणी विचारतात. जमते. चेनला पूर्ण कव्हर हवं, अर्धं असेल तर निऱ्या हमखास अडकतात. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या, फार महाग नसते. पदर खांद्याला पिन करून कमरेला खोचायचा. सीट किती उंच? पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवून पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक बायका पडायच्या भीतीनं सीट फार खाली ठेवतात, आणि मग गुडघे दुखले की दोष सायकलला!

आणखी एक. चेनला खोबरेल तेल घालू नका. थंडीत थिजतं आणि धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल चालतं, पण दोन-चार थेंबच, वरचं फडक्यानं पुसून टाकायचं. हवा गेली की लगेच पंक्चर समजायचं कारण नाही. साध्या ट्यूबमध्ये हवा भरायच्या तोंडाशी छोटी रबरी नळी असते, तिला वॉलट्यूब म्हणतात. ती जुनी झाली की तिथून हवा जाते. तोंडाशी थुंकीचं बोट लावून बघावं, बुडबुडा आला की तेच. नळी चार-दोन रुपयांची असते आणि बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मी दोन घरात आणूनच ठेवल्या आहेत, सुई-दोऱ्याच्या डब्यात.

लेकीला मी वेगळ्या पद्धतीनं शिकवलं. कॅरियर धरून पळायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. सायकलची दोन्ही पायडलं काढून टाकली आणि सीट इतकी खाली केली की तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मग पायानं ढकलत जायचं. तोल आपोआप येतो, आठवड्याभरात पायडलं परत बसवली. हे करताना एवढं लक्षात ठेवा, डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं तर सुटतं. माझ्या शेजारणीच्या घरी नेहमीसारखं फिरवून पान्हाच वाकवला.

गेल्या मे महिन्यात आई इकडे राहायला आली होती. संध्याकाळी अंगणात लेकीची चक्कर चालू होती. आई बराच वेळ बघत बसली, मग उठून माझ्या सायकलच्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "ही बुटकीच आहे नाही?" मी सीट आणखी खाली केली. मी एका बाजूनं धरलं, लेकीनं दुसऱ्या. आई त्रेसष्ट वर्षांची. पायडल काही मारलं नाही, पाय टेकवत टेकवत तुळशी वृंदावनापासून फाटकापर्यंत गेली, तिथं उतरली आणि म्हणाली, "पुरे. चहा टाक."

सध्या घरात वाद चालू आहे तो लेकीच्या नव्या सायकलचा. वीस इंची तिला लहान झाली, गुडघे हँडलला लागतात. चोवीस इंची चाकाची घ्यायला हवी. तिला हवी गियरची. माझं म्हणणं, आपल्या गावात चढ नाहीत, गियर कशाला? त्याची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला येत नाही आणि पैसे जवळजवळ दुप्पट. ह्यांनी दोन्ही बाजूंनी बोलून झालं आहे. काल रात्री सासूबाईंनी आतून विचारलं, "किती कमी पडतात?" मी आकडा सांगितला. म्हणाल्या, "मी घालते. तिला पाहिजे ती घे. फक्त काळी नको."

दुकानदाराकडे चौकशी केली आहे. निळी पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला.