शितावरून भाताची परीक्षा औषधाच्या बाटलीला का चालत नाही?

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यातले पालक विचारायला येतात, ‘बायोटेक घेतलं तर पुढे काय?’ आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी आमच्या वाट्याला येतो. आमचे जे जुने विद्यार्थी या लायनीत गेले, त्यातले बरेच जण लस, इन्सुलिन किंवा इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल नाही तर क्वालिटी अ‍ॅशुरन्समध्ये लागले. ‘म्हणजे चेकिंगचं काम ना?’ असं अम्मी-अब्बूंना वाटतं. चेकिंग आहेच. पण खरं काम चेकिंगच्या पुढचं आहे, आणि आमच्या मते कॉलेजांत तेच सगळ्यात कमी शिकवलं जातं.

आधी बायोप्रोसेस म्हणजे काय ते पाहू. घरात दही लावतो तोही बायोप्रोसेसच. दूध तेच, विरजण तेच, हातही तेच, तरी थंडीत दही लागत नाही आणि मे महिन्यात आंबट होतं. जिवंत जिवाणूंकडून काम करून घ्यायचं म्हणजे हे आलंच. कारखान्यात हेच काम फर्मेंटर नावाच्या स्टीलच्या मोठ्या टाकीत होतं. जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हापासून हा धंदा वाढतच गेला. टाकीतलं तापमान, आम्लता, ऑक्सिजन जरा इकडेतिकडे झालं तर जिवाणू वेगळं वागतात, आणि तयार होणारं औषधही वेगळं होऊ शकतं. गोळीचं सूत्र कागदावर पूर्ण लिहिता येतं. जिवंत पेशीतून आलेल्या औषधात मात्र ते कसं बनवलं हा त्या औषधाचाच भाग असतो.

आता चेकिंगकडे. मराठीत आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पातेल्यातल्या भाताला ते चालतं, कारण सगळ्या भाताला सारखीच आच लागलेली असते. पण दमच्या बिर्याणीची देग आठवा. वरचं शीत मोत्यासारखं सुटं, आणि तळ करपलेला. वरून चमचाभर काढून चाखणारा ‘माशाअल्लाह’ म्हणून निघून जाईल.

अशीच गोष्ट इंग्लंडमध्ये घडली, आणि तिथे माणसं गेली. १९७२ च्या सुरुवातीला प्लिमथच्या डेव्हनपोर्ट इथल्या हॉस्पिटलमध्ये ग्लुकोजची सलाईन लावलेले रुग्ण अचानक गंभीर झाले. पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्या बाटल्यांचा संबंध जोडला गेला. बाटल्यांत जिवाणू वाढले होते. आदल्या वर्षी ती बॅच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या बंद यंत्रात, निर्जंतुक केली होती. तपासणीसाठी काढलेल्या बाटल्या पास झाल्या होत्या. चौकशीत कळलं की यंत्राच्या तळाला हवा अडकून राहिली होती. हवा वाफेपेक्षा जड, ती खाली बसते, आणि जिथे हवा तिथे वाफ पोचत नाही. म्हणून खालच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता लागलीच नव्हती. यंत्राच्या एका तापमापकावर तापमान नीट चढलेलं दिसत नव्हतं. कामगारांनी धरून चालले की तो बिघडलाय, आणि दुसऱ्या काट्यावर भरवसा ठेवला.

घरात कुकर लावताना अम्मी आधी जोरात वाफ येऊ देते आणि मग शिट्टी बसवते. आतली हवा निघून जावी म्हणूनच ते. शिकवताना इथूनच सुरुवात करावी, पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपासून नाही.

मग जास्त बाटल्या तपासल्या तर? आम्ही नववीच्या वर्गात एक खेळ घेतो. पिशवीत १००० चिंचोके, त्यातले १० लाल रंगवलेले. मुलांनी न बघता २० काढायचे. लाल निघाला तर बॅच फेल, नाही निघाला तर पास. वर्गाने पुन्हा पुन्हा काढून पाहिलं की साधारण पाचातल्या चार वेळा बॅच पास होते. हिशोब सोपा आहे : ०.९९ चा २० वेळा गुणाकार केला की ०.८२ येतो. शंभरात एक बाटली खराब असली तरी ८२ टक्के वेळा तपासणी ‘सब ठीक’ सांगणार! आणि मोठ्या बॅचमधून इंजेक्शनच्या साधारण २० कुप्याच निर्जंतुकतेच्या चाचणीला जातात, कारण चाचणीला गेलेली कुपी फुटलीच, ती विकता येत नाही. सगळ्या तपासायच्या तर रुग्णाला द्यायला एकही उरणार नाही. शिवाय निर्जंतुक औषधाकडून अपेक्षा असते ती दहा लाखांत एकाहून जास्त बाटली दूषित नसण्याची. अशी खात्री कुठली चाचणी देणार?

म्हणून बाटली तपासण्याआधी ती बनवण्याची रीतच तपासायची. यालाच प्रोसेस व्हॅलिडेशन म्हणतात. ऑटोक्लेव्ह भरून त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात, तळाला, बाटल्यांच्या मधोमध तापमापक तारा लावायच्या आणि सगळ्यात थंड जागा शोधायची. उष्णतेला सहज न मरणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू मुद्दाम त्या जागी ठेवायचे. ते मेले तर बाकी काही उरलं नसणार. हे एकदा करून चालत नाही, पुन्हा पुन्हा तोच निकाल आला पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८७ मध्ये यावर मार्गदर्शिका काढली. २०११ च्या नव्या मार्गदर्शिकेत तीन टप्पे सांगितले : रीत नीट समजून आखणं, ती खऱ्या कारखान्यात सिद्ध करणं, आणि पुढे प्रत्येक बॅचला तिच्यावर नजर ठेवत राहणं. तिसरा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, आणि नोकरी बहुतेक त्याचीच असते.

आम्हाला आवडणारा प्रकार म्हणजे मीडिया फिल. औषधाऐवजी जिवाणूंना आवडणारं पौष्टिक सूप कुप्यांमध्ये भरायचं. तीच माणसं, तेच हातमोजे, तीच मशीन. मग १४ दिवस उबेत ठेवायचं. एक कुपी जरी गढूळ झाली तरी कोणाच्या तरी हातून, हवेतून किंवा नळीतून काहीतरी आत गेलं. इथे औषधाची नाही, माणसांची आणि रीतीची परीक्षा होते. साध्या कॉलेजातही हे करता येतं, खर्च फार नाही. पण होत नाही, कारण प्रॅक्टिकलची तारीख ठरलेली असते आणि निकाल ‘बरोबर’ यायला हवा असतो.

आपल्या मुंबईचा एक किस्सा या विषयाच्या प्रत्येक वर्गात सांगायला हवा. प्लेगच्या काळात हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी स्वतः लस घेतली, आपल्या खोजा जमातीला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबमधल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेले ठीक राहिले.

आता प्रश्न आला की घाण शिरली कुठे, मुंबईत भरताना की गावात बूच काढताना? हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. गावात बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही गोष्ट पुढे आली. पण हाफकिन यांचं नाव साफ व्हायला १९०७ उजाडलं. बाटलीला क्रमांक होता म्हणून निदान ती एक बाटली वेगळी काढता आली. चिमटा पडला त्या क्षणाची साधी नोंद कोणी तिथल्या तिथे लिहिली असती, तर पाच वर्षांचा वाद एका ओळीत मिटला असता.

आमचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. शाळेपासून आपण मुलांना जर्नलमध्ये ‘आलं पाहिजे ते’ रीडिंग लिहायला शिकवतो. मागच्या वर्षीच्या मुलाची जर्नल मिळवायची, आकडे थोडे हलवायचे, सही घ्यायची. एका कॉलेजातल्या मुलीने आम्हाला सांगितलं, तिची कल्चर प्लेट दूषित निघाली तर सर म्हणाले, शेजारणीचं रीडिंग घे. त्या दूषित प्लेटमध्येच तर तिचा खरा धडा होता : कुठून आलं, कधी आलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. हीच मुलं उद्या कारखान्यात बॅच रेकॉर्ड लिहिणार. तिथे चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. एक रेघ मारून, वाचता येईल असा ठेवून, बाजूला सही, तारीख आणि कारण लिहायचं असतं. बाविसाव्या वर्षी ही सवय अचानक कुठून येणार?

तर प्रवेशाला जाल तेव्हा फी आणि हॉस्टेल विचाराच, पण लॅबही दाखवायला सांगा. ऑटोक्लेव्हचं तापमान शेवटचं कधी तपासलं, त्याची वही मागा. मुलं स्वतः फर्मेंटर चालवतात की लांबून बघतात, विचारा. मागच्या वर्षीच्या मुलांची दोन-तीन जर्नल उघडा. सगळ्यांचे आकडे सारखे आणि एकही खाडाखोड नसेल, तर दुसरं कॉलेजही बघून या.