स्पितीचे गुराखी आणि हिमबिबट्या

भूगोलाच्या तासास हिमालयाच्या नकाशावर स्पितीचें नांव आलें, म्हणजे विद्यार्थी बर्फाविषयीं पुष्कळ विचारतात. परंतु तेथें गुरें राखून पोट भरणारीं माणसेंही आहेत, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. हिमाचल प्रदेशांतील या खोऱ्यांत, सुमारें ४,२०० मीटर उंचीवर किब्बर नांवाचें गांव आहे. तेथील लोक जव व वाटाणा पिकवितात आणि याक, घोडे, शेळ्या, मेंढ्या पाळतात. त्याच डोंगरांत हिमबिबट्या वावरतो. भरल नांवाची करड्या रंगाची रानमेंढी हें त्याचें मुख्य भक्ष्य होय.

आतां अडचण अशी कीं, भरल ज्या गवतावर जगतो तेंच गवत गांवचीं जनावरेंही खातात. जनावरें फार झालीं म्हणजे भरल घटतात, आणि श्वापदाची दृष्टि कळपांकडे वळते. चारुदत्त मिश्र यांच्या १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, येथील गांवकऱ्यांचीं शेंकडा १८ जनावरें अवघ्या १८ महिन्यांत हिंस्र पशूंनीं मारल्याचें आढळलें. ज्याचा याक गेला त्याच्या मनांत हिमबिबट्याविषयीं द्वेष उपजला, तर त्यास दोष देणें आम्हांस तरी साधत नाहीं. सरकारी भरपाई होती, पण ती अपुरी आणि उशिरा पोहोंचणारी.

म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेनें गांवाशींच बोलणें केलें. १९९८ च्या सुमारास गांवकऱ्यांनीं सुमारें ५ चौरस किलोमीटर कुरण चराईस बंद केलें. त्याबद्दल गांवास मोबदला मिळाला, व रखवालीस गांवचेच लोक नेमले गेले. पुढें तेथें भरल वाढले, आणि राखीव क्षेत्रही वाढविण्यांत आलें.

मात्र एवढ्यानें काम भागत नाहीं. भक्ष्य वाढलें म्हणजे भक्षकही वाढतो, आणि तो कळपास अजीबात शिवणार नाहीं असें कोणी म्हणूं नये. म्हणून २००२ सालीं जनावरांचा विमा सुरू झाला. मालकानें दरमहा थोडी वर्गणी भरावयाची. जनावर खरोखर श्वापदानें मारलें कीं काय, याची चौकशी गांवच्याच मंडळीनें करावयाची. शेजाऱ्यासमोर खोटें सांगणें कठीण! शिवाय ज्याच्या राखणींत जनावरें कमी दगावतील त्या गुराख्यास बक्षीस. आम्हांस या योजनेंतील हीच युक्ति विशेष मार्मिक वाटते. कारण नुसती भरपाई मिळाली तर राखण ढिली होण्याचा संभव असतो.

आपल्याकडील धनगर रात्रीं मेंढ्यांभोंवतीं वाघूर, म्हणजे जाळें, लावतो, तें लांडग्याच्या भयानें. लडाखांत हिमबिबट्या वरून वाड्यांत उडी टाकतो आणि एका रात्रींत अनेक मेंढ्या मारतो. यास्तव तेथें वाड्यांच्या माथ्यावर तारेची जाळी बसविण्याचें काम पशुपालकांच्या साह्यानें होत आलें आहे.