नंतर बदलता येईल का?

अकरावी-बारावीचा ताण संपून इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी लागते आणि घरात लॅपटॉपवरून वाद सुरू होतो. मुलीला साठ हजारांचा हवा असतो, वडिलांना तिसात भागवायचं असतं, आणि आत्याच्या यजमानांच्या ऑफिसात ‘यातलं सगळं कळणारा’ एक जण असतोच. आमच्या ताईकडे तीन वर्षांपूर्वी वडिलांचा आकडा जिंकला. दीड वर्षात त्या लॅपटॉपचं झाकण एका बाजूने सुटलं. बिजागरी धातूची होती, शाबूत होती; ती ज्या प्लास्टिकात स्क्रूने बसवली होती, तेच फुटलं होतं. तोवर तो इतका मंदावला होता की चालू करून आंघोळ उरकता यायची.

दुकानात आम्ही किंमत विचारली, प्रोसेसर विचारला, बॅग फुकट मिळेल का तेही विचारलं. यातलं काय नंतर बदलता येतं, एवढंच विचारलं नाही.

अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणीसाठी एसएसडीऐवजी ईएमएमसी नावाची चिप असते. स्वस्त मोबाइलात असते, त्याच जातीची. ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे काढून दुसरी बसवण्याचा प्रश्नच येत नाही. तिचा कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या आसपास. साधी एनव्हीएमई एसएसडीसुद्धा याच्या चार-पाचपट धावते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी आहे खरी, पण तेवढ्यावर ती फक्त उभी राहते. पहिल्या दोन-तीन मोठ्या अपडेटनंतर जागा संपते आणि मुलं फोटो पुसत बसतात.

रॅमचंही तसंच. ‘आता आठ घ्या, पुढे वाढवू’ असं विक्रेता हमखास म्हणतो. रॅमला खाच असेल तरच ते खरं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘ऑनबोर्ड’ असं लिहिलेलं असेल आणि खाचेचा उल्लेख नसेल, तर आठाचे सोळा कधीच होणार नाहीत. महागांतही हे आहेच, पातळ लॅपटॉपची रॅम बहुधा सोल्डरचीच असते. शिवाय ‘पुढे वाढवू’ आता पूर्वीइतकं स्वस्तही राहिलेलं नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पडदा मात्र कोणी बघतच नाही. चार वर्षं रोज पाच-सहा तास ज्याच्याकडे टक लावायची, तो १३६६ बाय ७६८ चा, थोडं तिरकं बसलं की काळपट दिसणारा टीएन पडदा असतो. १९२० बाय १०८० आणि आयपीएस, याखाली उतरू नये असं माझं मत आहे. इथे वाचवलेले तीन हजार डोळ्यांतून वसूल होतात.

प्रोसेसरच्या नावातही गंमत असते. रायझन ५ ७५२०यू घ्या. पाच आहे, सात हजारांची मालिका आहे, भारदस्त वाटतं. पण यातला सात म्हणजे २०२३ चं मॉडेल. आतली रचना सांगतो तिसरा आकडा. तो दोन, म्हणजे झेन २, जी २०१९ साली आली. एक्सेलला आणि कोड लिहायला तो पुरतो. नव्या रायझन ५ चे पैसे त्याला देऊ नयेत, इतकंच.

महाग घेणारेही फसतात. कॉमर्सच्या मुलाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मेकॅनिकलच्या मुलीने हौसेने मॅकबुक घेतलं, तर सॉलिडवर्क्स त्यावर थेट चालतच नाही. तिच्या वर्गाला ते लागणार का, हे आधी कॉलेजात विचारावं.

आता हिशेब. तीस हजारांचा दोन वर्षं टिकला तर वर्षाला पंधरा हजार पडले, साठचा पाच वर्षं टिकला तर बारा. कागदावर साठचा जिंकतो. पण खिशात तीसच असतील तर हा हिशेब काय कामाचा? आणि साठचा होस्टेलातून चोरीला गेला तर?

अशा वेळी मी जुन्याच्या बाजूचा आहे. मोठ्या कंपन्या थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक भाड्याने घेतात आणि साधारण तीन वर्षांनी परत करतात. तेच लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. बिजागरी दणकट, कीबोर्ड उत्तम. २०१८ च्या थिंकपॅड टी४८० ला तर रॅमच्या दोन खाचा आहेत आणि एक बॅटरी बाहेरून काढता येते. ताईच्या लेकीने शेवटी असाच एक घेतला, त्यात नवी एसएसडी टाकली, आणि प्रोजेक्ट त्यावरच चाललंय.

घेताना दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा आणि बॅटरीची मूळ क्षमता व आजची क्षमता ताडून बघा. झाकण एका हाताने, कोपऱ्याला धरून उघडा. करकरलं तर ठेवून द्या. आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. विंडोज ११ त्यातल्या बहुतेकांना अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.