फुकटच्या बॉक्सची किंमत

वसई-विरारमधील अनेक घरांत केबलवाल्याच्याच तारेतून आता ब्रॉडबँडही येते, आणि त्या जोडणीवर टीव्हीला लावायचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स ‘एकदाच पैसे भरा, सगळ्या वाहिन्या पाहा’ अशा बोलीवर विकला जातो, तेव्हा घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका पोलिसांची येते. ती अगदीच निराधार नसली, तरी धोक्याचे खरे ठिकाण दुसरे आहे.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 नुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. 2016 मध्ये ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या बेकायदा प्रतींची संकेतस्थळे बंद करताना सेवादात्यांनी असा इशारा झळकवला की नुसते पाहणेही शिक्षापात्र आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी तो मजकूर बदलायला लावला, कारण गुन्हा पाहण्यात नसून परवानगीविना वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री करण्यात आहे. मात्र टोरंटवरून चित्रपट उतरवताना त्याचे तुकडे आपोआप इतरांनाही पुरवले जातात, म्हणजे प्रेक्षक नकळत वितरक होतो, आणि ही बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

2023 ची आयपीएल जिओसिनेमावर अधिकृतपणे फुकट दिसत असतानाही ‘फेअरप्ले’ या सट्टेबाजीच्या अ‍ॅपवर तिचे सामने परवानगीविना दाखवले गेल्याची तक्रार डिजिटल प्रसारणाचे हक्क असलेल्या व्हायकॉम 18 ने केली; शंभर कोटींहून अधिक नुकसान झाल्याचा तिचा दावा होता. महाराष्ट्र सायबर विभागाच्या मुंबईतील पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि 2024 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मुंबई-पुण्यात छापे घातले. जे अन्यत्र फुकटच मिळत होते ते दाखवून या अ‍ॅपला काय मिळणार होते, याचे उत्तर उघड आहे: सामना हे आमिष, गिऱ्हाईक सट्ट्याचे.

बॉक्सचेही गणित असेच असते. अधिकृत दुकानाबाहेरचे अ‍ॅप, म्हणजे ‘एपीके’ फाइल, टाकण्यासाठी ‘अज्ञात स्रोत’ ही परवानगी चालू करावी लागते, आणि काही बॉक्समध्ये तर घातक प्रणाली कारखान्यातूनच भरलेली असते. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स 2.0’ या जाळ्याविषयी इशारा दिला, त्यात अशी लक्षावधी उपकरणे होती. असा बॉक्स पडद्यावर मालिका दाखवत असतानाच घराचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची त्या घराची ओळख, परक्यांना भाड्याने देतो. मग विरारच्या एखाद्या सदनिकेच्या पत्त्यावरून कुणी फसवणूक केली, तर तपासाचा पहिला धागा त्या सदनिकेपर्यंत जातो.

खासगीपणाच्या बाबतीत नामांकित टीव्हीही निर्दोष नाहीत. पडद्यावरील दृश्यांचे नमुने घेऊन घरात काय पाहिले जाते ते ओळखणारी यंत्रणा अनेक स्मार्ट टीव्हींत असते. संमतीविना अशी माहिती गोळा केल्याबद्दल ‘व्हिझिओ’ कंपनीला 2017 मध्ये अमेरिकेत बावीस लाख डॉलर भरावे लागले. भारतात अशा माहितीच्या रक्षणासाठी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला. व्हीपीएनने, म्हणजे आयपी पत्ता झाकणाऱ्या सेवेने, सगळे लपते हा समज तर सोडावाच, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा सेवांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवणे बंधनकारक आहे.

तेव्हा ‘अज्ञात स्रोत’ बंद ठेवावे, टीव्हीच्या सेटिंगमधील पाहणी-नोंद नाकारावी, आणि संशयित बॉक्स राउटरपासून तोडावा. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. 2020 पासून वसई-विरार हा भाग मीरा-भाईंदर-वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत असल्याने तेथील पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार देता येते.