जुन्या फियाटला मागे डिस्क ब्रेक बसवताना

आपल्या मंडळातल्या काही घरांत वडिलांच्या वेळची फियाट, म्हणजे पुढे जिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले ती गाडी, अजून जपून ठेवलेली आहे. बिट्टन मार्केटला हाटाच्या दिवशी ती भाजीच्या पिशव्यांसह उभी असली की तरुण मुलेही थांबून बघतात. अशा गाड्या बाळगणारे आम्ही काही सभासद. गेल्या वर्षभरात आमच्यापैकी बहुतेकांना घरून एकच प्रश्न आला, "बाबा, हिला मागे डिस्क ब्रेक का नाही लावून घेत?" पचमढीच्या घाटात सगळ्या कुटुंबाला घेऊन उतरायचे असेल तर प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर गॅरेजमध्ये मिळते तितके सोपे नाही.

थोडा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आपली फियाट निघू लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागे पाट्यांवर बसवलेला अखंड एक्सेल आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या काळात डिस्क ब्रेक माहीत नव्हते असे नाही. १९५३ साली ल मान्सची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली होती, आणि खुद्द इटलीच्या फियाटने १९६६ च्या १२४ या गाडीला चारही चाकांना डिस्क दिल्या. आपल्याकडे मात्र ड्रमच चालू राहिले. ते काही वाईट नव्हते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तोवर तिने कित्येकांना सुखरूप घरी पोचवले.

ड्रमची अडचण उष्णतेची आहे. लांब उतारावर ड्रम आतून तापतो, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, लायनरची पकड सुटू लागते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. डिस्क उघडी असते, वाऱ्याने थंड होते, पाण्यात भिजली तरी लगेच कोरडी होते. उलट ड्रममध्ये एक गुण आहे जो डिस्कमध्ये नाही. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला जोर कमी लागतो. डिस्कला सगळा दाब पायानेच द्यावा लागतो, नाहीतर बूस्टर बसवावा लागतो.

आता बँकेतल्या सवयीने एक हिशेब मांडतो. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २३४० मिलिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर धरू आणि उभ्या गाडीचे वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे मानू. जोरात ब्रेक मारला की साधारण १५० किलो भार मागून पुढे सरकतो. म्हणजे त्या क्षणी पुढच्या चाकांवर ६००, मागच्यांवर फक्त ३००. मागची चाके एकूण कामाचा तिसरा हिस्सा करू शकतात, त्याहून जास्त ब्रेक दिला तर ती अडकून घसरतात. पुढची चाके अडकली तर गाडी सरळ जाते, वळत नाही एवढेच. मागची आधी अडकली तर गाडी गर्रकन फिरते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: पुढे ड्रम आणि मागे डिस्क असे कोणी करू नये. आधी पुढच्या डिस्क, त्या नीट चालल्या की मग मागचा विचार.

मागच्यांची गरज बहुतेक अशा गाड्यांना पडते ज्यांचा मूळ एक्सेल पूर्वीच बदललेला आहे. सुटे भाग मिळेनात म्हणून कोणी व्हॅनचा, कोणी जीपचा एक्सेल कापून लांबी जुळवून टाकला. त्याचा ड्रम एकाचा, शू दुसऱ्याचे. अशा एक्सेलला डिस्क बसवणे खरे तर सोयीचे पडते, पण काम लेथवर होते, हातोड्याने नव्हे.

ड्रम काढला की मागे शू धरणारी पत्र्याची पाटी दिसते. ती काढून तिथे कॅलिपर धरणारी जाड लोखंडी प्लेट येते. इथेच बारकावा आहे. अनेक एक्सेलमध्ये ती जुनी पाटी चाकाच्या बेअरिंगची दाबपट्टी आणि हाउसिंग यांच्यामध्ये चिमटलेली असते. नव्या प्लेटची जाडी त्या जागी वेगळी पडली की बेअरिंग एकतर सैल राहते, नाहीतर जास्त आवळले जाते. त्यामुळे जुन्या पाटीची जाडी मापून लिहून ठेवावी आणि फरक शिमने भरून काढावा. एक्सेलचा दांडा आत-बाहेर हलत असेल तर डिस्कही हलते, पॅड मागे ढकलले जातात, आणि पुढच्या वेळी पेडल पहिल्या दाबाला खोल जाते. डिस्क बसवल्यावर डायल गेज लावून ती फिरवून बघावी. डोलणे साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत हवे. मिस्त्री "डोळ्यांनी सरळ दिसतेय ना" म्हणाले तरी गेज मागावे.

कॅलिपर चाकाच्या रिमला लागत नाही ना, हे चाक बसवून हाताने फिरवून पाहावे. शिवाय हवा काढायचे निपल वरच्या बाजूला आले पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निपल खाली जाते, वर हवा अडकते आणि दिवसभर ब्रेक ऑइल ओतले तरी पेडल स्पंजासारखेच राहते.

आमच्यातल्या एका सभासदाच्या गाडीला हे काम एका गॅरेजने करून दिले. पहिल्याच फेरीत भोजपूरला पोचेपर्यंत मागच्या चाकांना हात लावता येईना. सगळ्यांनी कॅलिपरला दोष दिला. खरे कारण मास्टर सिलिंडरमध्ये होते. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटी झडप असते, ती पाय काढल्यावरही लाइनमध्ये सुमारे १० पौंड दाब धरून ठेवते. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते, तिथे हा दाब चालतो. डिस्कला स्प्रिंग नाही, मग पॅड घासतच राहतात. झडप काढल्यावर गाडी शांत झाली. तपासायची पद्धत सोपी आहे: मागचे चाक जॅकवर उचला, पेडल दाबून सोडा, चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे.

कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागते, म्हणून काही जण मोठा मास्टर सिलिंडर टाकतात. पाऊण इंचाऐवजी सात अष्टमांश टाकला तर पेडल कमी खोल जाते, पण तेवढ्याच दाबासाठी पायाला सुमारे ३६ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. घरात वहिनी किंवा आजोबाही गाडी चालवत असतील तर बूस्टरशिवाय हे करू नये.

सर्वांत दुर्लक्षित भाग हँडब्रेकचा. साध्या कॅलिपरला हँडब्रेक नसतोच. "गिअरमध्ये ठेवा, चालतंय" हे उत्तर कोणी स्वीकारू नये. श्यामला हिल्सच्या उतारावर नातवंडे मागे बसलेली असताना ते उत्तर पुरत नाही. दोन मार्ग आहेत. एक, ज्याच्या अंगावर हँडब्रेकची कळ आहे असा कॅलिपर. दुसरा, जिच्या मधल्या वाटीत छोटा ड्रम आणि शू असतात अशी डिस्क. आम्हाला दुसरा जास्त आवडतो, कारण उभ्या गाडीला ड्रमची पकड चांगली. पहिल्या प्रकारात केबलची ओढ आणि कळीचा प्रवास जुळावा लागतो, आणि पॅड बदलताना पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. जोर केला तर आतली यंत्रणा मोडते. आणखी एक गोष्ट: घाट उतरून तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की थंड होताना डिस्क आकसते आणि पकड ढिली पडते. दहा मिनिटांनी हँडब्रेक पुन्हा ओढावा, गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा.

शेवटी समतोल. मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करणारी झडप हवीच. ती आधी मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरू करावी. रिकाम्या मैदानात, गाडीत फक्त चालक, वेग तीसच्या आसपास, आणि बाहेर उभ्या माणसाने कोणती चाके आधी अडकतात ते पाहावे. पुढचीच आधी अडकली पाहिजेत. मग तीच चाचणी ओल्या जमिनीवर.

कागदपत्रांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी अशी अट आहे. ज्यांची फियाट त्या वयाला आली आहे त्यांनी एक्सेल कापण्याआधी दोनदा विचार करावा. आर.टी.ओ.त आधी लेखी विचारावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तोंडी होकार दाव्याच्या वेळी कुठे सापडत नाही.

काम झाल्यावर एका पुठ्ठ्यावर डिस्क, कॅलिपर, पॅड आणि बेअरिंग कोणत्या गाडीचे आहेत, शिमची जाडी किती, ब्रेक ऑइल कोणते आणि कधी भरले हे लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. ऑइल हवेतले पाणी शोषते, दर दोन वर्षांनी बदलावे लागते. पुढचा मिस्त्री कोणी दुसराच असेल, आणि गाडी चालवणारेही.