पणजोबांचा शोध : जुन्या कागदांतून

जात पडताळणीचा अर्ज भरताना आपल्या विद्यार्थ्यांना वंशावळ लिहावी लागते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा दिनांक धरला जातो व त्यापूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्यामागे मात्र अनेक घरांत अंधार असतो. प्रयत्न केल्यास एकोणिसाव्या शतकातील पूर्वजापर्यंतही पोहोचता येते.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. शोध आडनावाने करू नये. माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव व गाव धरून करावा. त्या काळी गावच्या कागदांत आपल्या माणसांची आडनावे क्वचितच लिहीत. नावाला ‘नाक’ जोडलेले असे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावर अशी नावे आजही वाचता येतात.

बाबासाहेबांचेच उदाहरण पाहा. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. परंतु आजोबा होते मालोजी सकपाळ. केवळ ‘आंबेडकर’ शोधणाऱ्यास मालोजी सापडणार नाहीत. रामजी, मालोजी व आंबडवे गाव धरणाऱ्यास सापडतील.

शोधाचा क्रम असा ठेवावा. (१) घरातील वृद्धांकडून, विशेषतः आजी व आत्या यांच्याकडून, नावे व मूळ गाव लिहून घ्यावे. (२) आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा घ्यावा. (३) तहसील कार्यालयात गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, पाहावी. मृत्यूच्या नोंदीत दिलेल्या वयावरून जन्मसाल काढता येते. (४) महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे व फेरफार पाहावेत. १९५८ च्या कायद्याने वतने रद्द झाली, तरी जुन्या उताऱ्यांत व फेरफारांत हिस्सेदारांची व वारसांची नावे मिळतात. (५) पूर्वज पलटणीत असल्यास पेन्शनचे कागद व पदके घरी जपली आहेत का, ते विचारावे.

बरेच जुने कागद मोडी लिपीत असतात; जाणकाराकडून वाचून घ्यावेत. प्रत्येक नोंदीची प्रमाणित नक्कल घ्यावी. नाव वेगळ्या रीतीने लिहिले असेल तर ते जसे आहे तसेच उतरवावे, आपल्या मनाने सुधारू नये.

कागद मिळतील, पण ते जोडणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनी पहिली पायरी येत्या सुट्टीतच पूर्ण करावी.