व्हॉल्व्ह पाणी अडवतो, ढकलत नाही

नळाला पाणी कमी आलं की आपला पहिला संशय व्हॉल्व्हमनवर जातो. त्यानं व्हॉल्व्ह आणखी फिरवला असता तर भागलं असतं, असं वाटतं. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत नवा होतो तेव्हा मीही हीच चूक केली, तीही संगणकावर.

मोठ्या टाकीतून उतारानं येणारी एक जलवाहिनी आणि पुढे तिचे दोन फाटे. एक जवळच्या सखल भागातल्या टाकीकडे, दुसरा लांब टेकडीवरच्या टाकीकडे. टेकडीला सेकंदाला ३० लिटर हवे होते, मिळत होते १८. सखल टाकीची गरज ४० ची, ती घेत होती ६०. रात्री ती भरून वाहायची आणि टेकडीवरच्या बाया पहाटे हंडे घेऊन खाली उतरायच्या.

आम्ही या जाळ्याचं मॉडेल ‘एपानेट’मध्ये केलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९३ साली आणलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यातला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह मी टेकडीच्या फाट्यावर बसवला आणि आकडा दिला ३०. उत्तर आलं १८! सोबत इशारा, की व्हॉल्व्ह उघडा आहे, पण एवढा प्रवाह देऊ शकत नाही.

व्हॉल्व्हला दिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. पाणी त्याहून जास्त येऊ लागलं तर मॉडेल त्या जागी नेमका तेवढा दाब खर्ची टाकतं, की प्रवाह आकड्यावर येऊन थांबावा. पाणी मुळातच कमी असेल तर व्हॉल्व्ह सताड उघडा राहतो, बस्स. दाब वाढवणं हे पंपाचं काम. खरा व्हॉल्व्हही असाच वागतो. भोक असलेल्या चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढला, की प्रवाह वाढल्याचं त्याला कळतं आणि तो स्वतःला आवळून घेतो.

मग तोच व्हॉल्व्ह मी सखल फाट्यावर नेला आणि आकडा दिला ४५. टेकडीला २६ लिटर मिळू लागले. खाली वाचलेले पंधराच्या पंधरा लिटर वर का गेले नाहीत? कारण फाट्यापाशी दाब वाढला, की वरच्या टाकीतून मुख्य वाहिनीत पाणीच थोडं कमी उतरतं.

शेवटी ४० वर थांबलो. टेकडीला २८ मिळाले. उरलेल्या दोन लिटरसाठी मुख्य वाहिनी मोठी करावी लागली असती, आणि तो खर्च त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसला नाही.